लेन्स बदलायची की नाही हे ठरेपर्यंत लेझर नको

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६८ वर्षांचे, पतपेढीतून निवृत्त, बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. पाच महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि मल्टिफोकल लेन्स बसवली. पेपर चष्म्याशिवाय वाचतात, लांबचंही दिसतं. पण 'तेलकट बोट फिरवलेल्या काचेतून बघितल्यासारखं' वाटतं आणि रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात. ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणतात मागे थोडी जाळी आली आहे, लेझर करून टाकू. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, लेन्सच बदला. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. 'एकदा बसवलेली लेन्स बदलता येते का, आणि त्यात डोळा जायची भीती किती?'

बदलता येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल. मी नौपाड्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय. दर वर्षी काही लेन्स काढतो आणि दुसऱ्या बसवतो. मात्र 'बदलून द्या' म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची लेन्स मी आहे तशीच ठेवतो, कारण तपासल्यावर दोष तिसऱ्याच कशाचा तरी निघतो.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती क्रमाची. दोन डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले, त्यातला एक पाच मिनिटांचा आणि दुसरा मोठा. साहजिकच घरात ठरलं असणार की आधी लेझर करून बघू, नाहीच जमलं तर लेन्स बदलू. इतर बाबतीत शहाणपणाचंच धोरण आहे हे. डोळ्याच्या आत मात्र त्या पाच मिनिटांच्या उपायाने मोठ्या उपायाची वाट अवघड होऊन बसते.

हे नीट कळायला लेन्स कुठे बसते ते बघू. आपल्या मूळ भिंगाला एक पापुद्र्याची पिशवी असते. ऑपरेशनमध्ये तिच्या समोरच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडतो, आतला मोतीबिंदू चुरून ओढून घेतो आणि पिशवी जागेवर ठेवतो. नवी लेन्स त्या रिकाम्या पिशवीत जाते. लेन्सची मधली चकती सहा मिलिमीटरची, आणि तिला दोन बाजूंना दोन वाकडे हात, ज्यांना आम्ही हॅप्टिक म्हणतो. हात धरून लेन्स टोकापासून टोकापर्यंत तेरा मिलिमीटरच्या आसपास भरते. पिशवीचा मागचा पापुद्रा मध्यभागी चार मायक्रॉनच्या घरात असतो; आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर हिशोब करा. त्या पापुद्र्यामागे सगळी पोकळी विट्रियसने भरलेली, म्हणजे कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारख्या चिकट, पारदर्शक जेलीने. पापुद्रा शाबूत आहे तोवर ही जेली मागे राहते.

जाळी म्हणजे काय, तर पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी वाढत वाढत मागच्या पापुद्र्यावर सरकतात आणि तो धुरकट होतो. लोकांना वाटतं लेन्स खराब झाली, एक्स्पायरी झाली. लेन्सचं काही बिघडलेलं नसतं. याग लेझरने त्या पापुद्र्याच्या मध्यभागी एक खिडकी पाडली की धुकं गेलं. थेंबांची भूल, टाका नाही, पट्टी नाही, त्याच दिवशी घरी. योग्य माणसाला योग्य वेळी केलं तर आमच्या धंद्यात इतकं समाधान देणारं दुसरं काम नाही.

पण ती खिडकी कायमची. नंतर लेन्स काढायला गेलो तर विट्रियस त्या खिडकीतून पुढे येतो. आला की ओढायचा नसतो, कारण त्याचं दुसरं टोक पडद्याला म्हणजे रेटिनाला धरलेलं असतं. तो विट्रेक्टर नावाच्या बारीक कापणाऱ्या यंत्राने कापत कापत मागे सारावा लागतो. नवी लेन्स पिशवीत बसेलच याचीही खात्री राहत नाही. अशी ऑपरेशनं होत नाहीत असं नाही, मी केली आहेत. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाचे दीड तास होतात, आणि धोका कितीतरी वाढतो.

म्हणून माझ्याकडे असा पेशंट आला की मी पहिला प्रश्न यंत्राला विचारत नाही, पेशंटला विचारतो: काका, हे असं पहिल्या दिवसापासून आहे, की आधी छान दिसत होतं आणि मग बिघडलं?

आधी महिना-दोन महिने लख्ख दिसत होतं आणि मग हळूहळू धूसर झालं, तर संशय जाळीवर, पडद्यावरच्या सुजेवर किंवा कोरड्या डोळ्यावर. पट्टी काढल्यापासूनच कडी आणि तेलकटपणा आहे, एक दिवसही समाधान नाही, तर संशय लेन्सवर. कारण लेन्स पहिल्या दिवशीही तीच होती आणि जाळी तेव्हा नव्हती. तुम्ही तुमच्या प्रश्नात हे लिहिलेलं नाही. बाबांना आजच विचारा, आणि तुम्ही स्वतः समोर बसून उत्तर ऐका. आई सांगते ते आणि बाबा सांगतात ते पुष्कळदा वेगळं असतं.

आता मल्टिफोकलबद्दल. या लेन्सच्या चकतीवर एकात एक वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात. आत येणारा प्रकाश त्या पायऱ्या वाटून देतात: थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. साध्या दोन अंतरांच्या लेन्समध्ये ढोबळमानाने ४१ टक्के इकडे, ४१ टक्के तिकडे, आणि उरलेला १८ टक्के कुठल्याच कामाचा राहत नाही, विखुरतो. म्हणजे चष्म्याशिवाय पेपर वाचायची जी सोय मिळाली, तिची किंमत उजेडात आणि ठसठशीतपणात मोजलेली असते. रात्री बाहुली मोठी होते, लांबच्या दिव्याचं एक स्पष्ट चित्र आणि त्याच्याभोवती जवळच्या फोकसचं पसरलेलं चित्र, दोन्ही एकावर एक पडतात. तीच ती कडी. घोडबंदरला रात्री कंटेनरच्या रांगेसमोरून स्कूटर चालवणाऱ्या माणसाला ती जितकी छळतात, तितकी घरात बसून पोथी वाचणाऱ्या आजींना छळत नाहीत. लेन्स तीच, तक्रार वेगळी. म्हणून ऑपरेशनच्या आधी 'रात्री गाडी चालवता का' हे विचारणं मी नंबर मोजण्याइतकंच महत्त्वाचं धरतो. तुमच्या बाबांना कुणी विचारलं होतं का, ठाऊक नाही. पण त्यावर आता भांडण्यात वेळ घालवू नका.

बहुतेकांचा मेंदू तीन ते सहा महिन्यांत या कड्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. घरात नवीन पंखा लावला की पहिली आठ दिवस त्याचा आवाज झोपू देत नाही, मग ऐकूच येत नाही, तसं काहीसं. पण सगळ्यांचा शिकत नाही. बाबा पाचव्या महिन्यात आहेत. तेव्हा 'होईल सवय' हे उत्तर अगदी चुकीचंही नाही आणि पुरेसंही नाही. पहिल्या महिन्यापेक्षा आज थोडं कमी वाटतंय का, हे विचारा. कमी होत असेल तर थांबायला अर्थ आहे. तसूभरही फरक नसेल तर आणखी सहा महिने थांबून फारसं हाती लागत नाही, उलट पिशवी लेन्सला आणखी घट्ट आवळून धरते.

लेन्सला दोष देण्याआधी मी चार गोष्टी बाजूला काढतो. उरलेला नंबर ही पहिली. मल्टिफोकल लेन्सला पाऊण नंबराचा तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल, दोष सुद्धा सहन होत नाही. साध्या लेन्सचा माणूस तेवढ्यावर मजेत राहतो. अशा पेशंटला मी दुपारी नाही, संध्याकाळी साडेसातनंतर बोलावतो. ट्रायल फ्रेममध्ये उरलेला नंबर घालतो आणि आमच्या दवाखान्याच्या गॅलरीत नेऊन उभं करतो. खाली रस्त्यावर रिक्षा, टीएमटीच्या बस, दुचाकी, सगळ्यांचे दिवे समोरून येत असतात. 'आता बघा. आता काढतो, बघा. पुन्हा घालतो.' दहा मिनिटं. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत जे कळत नाही ते गॅलरीत कळतं. गेल्या पावसाळ्यात कळव्याचे एक काका लेन्स काढायचं पक्कं ठरवूनच आले होते. फ्रेम घातल्यावर म्हणाले, 'डॉक्टर, कडी आहेत, पण आता दिवा दिव्यासारखा दिसतोय.' त्यांना रात्रीपुरता चष्मा दिला. लेन्स आजही आत आहे.

दुसरी, अश्रूंचा थर. कोरडा डोळा हा मल्टिफोकलचा मोठा शत्रू. 'सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, डोळे मिचकावले की क्षणभर स्वच्छ' अशी तक्रार असेल तर महिनाभर वंगणाचे थेंब आणि पापण्यांना गरम शेक, मगच पुढची भाषा. तिसरी, पडदा. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये पडद्याच्या मध्यभागी सूज किंवा पातळ पापुद्रा दिसला तर लेन्स बदलून उपयोग शून्य. चौथी, लेन्स मधोमध बसली आहे का, की एका बाजूला सरकली आहे. ते बाहुली मोठी करून बघावं लागतं.

आणि जाळी? असेलच थोडी, पाच महिन्यांनी बारीकशी धूसरता अनेकांना असते. ती आहे म्हणून ती गुन्हेगार ठरत नाही. तक्रार जाळीच्या मानाने फार मोठी असेल, आणि पहिल्या दिवसापासूनची असेल, तर लेझरला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी इतिहास, मग चष्मा, थेंब आणि स्कॅन, मग लेन्स ठेवायची की काढायची याचा निर्णय, आणि ठेवायची ठरली तरच लेझर.

लेझर आधी मारल्याचा पश्चात्ताप आणखी एका प्रकारात बघितला आहे. काही हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या, ॲक्रिलिक लेन्समध्ये वर्षांनंतर कॅल्शियमचे कण साठतात आणि लेन्सच दुधाळ होते. हे विरळ आहे. मधुमेहात किंवा डोळ्यात पूर्वी हवा-वायू भरलेला असेल तर जास्त दिसतं. घाईत बघितलं तर ते जाळीसारखंच वाटतं. वाशीहून आलेल्या एका बाईंना असंच कुठेतरी दोनदा लेझर करून झालं होतं, धुकं तसूभर हललं नव्हतं. धुकं पापुद्र्यावर नव्हतंच, लेन्सच्या आत होतं. लेन्स बदलणं हाच उपाय होता आणि मागची भिंत आधीच पाडलेली. ते दीड तास मला अजून आठवतात.

समजा सगळं तपासून झालं आणि लेन्सच दोषी ठरली. ऑपरेशन असतं कसं? डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन. नवा छेद, अडीच ते तीन मिलिमीटरचा. पिशवीच्या पुढच्या भोकाची कड आता लेन्सवर चिकटलेली असते. तिच्याखाली एक बोथट, केसासारखी सुई सरकवायची आणि विस्को नावाचं घट्ट पारदर्शक जेल थेंबाथेंबाने सोडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं की जेल वाट काढत पुढे चाललंय आणि संत्र्याच्या फोडीवरून साल सुटावं तशी कड उचलली जातेय. घाई केली तर साल फाटतं. चकती लवकर सुटते, हातांची टोकं सर्वांत शेवटी. दोन्ही सुटले की लेन्स हलक्या धक्क्याने घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. ती फिरली की माझी सिस्टर न सांगता पुढची ट्रे सरकवते. माझा खांदा सैल झालेला तिला कळतो.

मग लेन्स पिशवीतून उचलून पुढच्या कप्प्यात आणायची. तेरा मिलिमीटरची वस्तू तीन मिलिमीटरच्या भोकातून बाहेर काढायची तर कापावी लागते. कापण्याआधी मी पुष्कळदा नवी लेन्स जुनीच्या खालून पिशवीत सरकवून ठेवतो. कात्री निसटलीच तर पापुद्र्याला तीच ढाल. ही मऊ ॲक्रिलिक कापताना खोडरबर कापल्यासारखं चिवट लागतं. पूर्ण दोन तुकडे न करता एका कडेपासून मध्यापलीकडे चीर देऊन तो भाग फिरवत बाहेर ओढला तरी चालतं. हाताचं टोक पिशवीच्या खोबणीत रुतून बसलं असेल तर ओढाताण न करता हात कापून तिथेच ठेवतो. तो तुकडा कुणाला त्रास देत नाही. शिबिरांतून मोठ्या छेदातून बसवलेल्या जुन्या पीएमएमए नावाच्या प्लास्टिकच्या कडक लेन्सची गोष्ट निराळी. ती दुमडत नाही, तिला काढायला सहा मिलिमीटरचा छेद आणि टाके लागतात.

वेळेचं म्हणाल तर पहिले काही आठवडे सर्वांत सोपे, पिशवी तेव्हा ओलसर आणि सैल असते. पाच महिने म्हणजे उशीर झालेला नाही. वर्षानुवर्षांनीही लेन्स निघतात, फक्त सुईचं काम लांबतं आणि पिशवी वाचण्याची शक्यता घटते.

'डोळा जायची भीती किती' याला एक आकडा देणं म्हणजे फसवणूक होईल. ते पिशवी शाबूत आहे का, तिला बांधून ठेवणारे बारीक दोर मजबूत आहेत का, आणि कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी किती उरल्यात यावर अवलंबून आहे. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. साठी-सत्तरीत चौरस मिलिमीटरमागे २००० ते २५०० असल्या तर मी निर्धास्त असतो. हजाराच्या खाली असल्या तर लेन्स काढायच्या आधी दहादा विचार करतो, कारण प्रत्येक ऑपरेशन त्यातल्या काही खर्च करतं आणि फार कमी झाल्या की कॉर्नियाच धुरकट होतो. स्पेक्युलर नावाची तपासणी आहे, दोन मिनिटांची. ती न करता कुणी लेन्स बदलायची तारीख देत असेल तर तारीख घेऊ नका.

बाकी धोके मोतीबिंदूच्या ऑपरेशनचेच, पण थोडे जास्त: पापुद्रा फाटणं, महिना-दीड महिन्याने पडद्याच्या मध्यभागी सूज येऊन दृष्टी मंदावणं (ती बहुधा थेंबांनी उतरते), क्वचित पडदा सुटणं, आणि फार क्वचित आतला जंतुसंसर्ग, ज्यात खरंच डोळा जाऊ शकतो. निरोगी डोळा, शाबूत पिशवी, लेझर न झालेला, आणि असली कामं नेहमी करणारा हात असेल तर मी पेशंटला घाबरवत नाही. लेझर झालेला असेल तर मी त्याच पेशंटशी बराच वेळ बसून बोलतो. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे.

पिशवी मध्येच फाटली तर? पर्याय असतात. तीन भागांची, म्हणजे चकतीला हात वेगळे जोडलेली, लेन्स पिशवीच्या पुढे, बुबुळाच्या मागच्या खाचेत बसवता येते. एकसंध ॲक्रिलिक लेन्स मात्र तिथे कधीच ठेवू नये. ती बुबुळाला मागून घासत राहते, रंगद्रव्य सुटतं, प्रेशर वाढतं, आत रक्तही येतं. पिशवीचा आधारच उरला नाही तर लेन्सचे हात डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवता येतात. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये हे हात टाक्याऐवजी जैविक गोंदाने पक्के करायची रीत काढली. आता हातांची टोकं गरम करून गाठीसारखी फुगवायची जपानच्या यामाने यांची पद्धतही बरीच चालते. लोकलच्या दारात कोपर लागून लेन्स घरंगळलेल्या एका प्रवाशाला मी अशीच बसवून दिली होती. म्हणजे पिशवी गेली की सगळं संपलं असं नाही. पण बाबांवर ती वेळ आणायची कशाला?

नंबर चुकल्यामुळे लेन्स बदलणं हा सरळ प्रकार आहे, तुमचा नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असू शकेल. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकलं की चष्म्याचा नंबर अडीच-तीनने फिरतो. पूर्वी लॅसिक, म्हणजे लेझरने चष्म्याचा नंबर काढणं, झालेल्या डोळ्यात मापं जास्त दगा देतात. या चुकीची परंपरा जुनी आहे: लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिली लेन्स बसवायचं धाडस केलं, तेही महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे तुकडे आत निमूट पडून राहतात हे बघून, आणि त्या पहिल्याच बाईंना नंतर भलामोठा उणे नंबर निघाला.

माझी स्वतःची चूक मात्र मोजमापाची नव्हती. २००६ मध्ये यादीत एकाच आडनावाच्या दोन बाई होत्या. एकीला साडेएकवीसची लेन्स हवी होती, बसली साडेअठराची. सकाळी पट्टी काढली तर मावशी खूश, मोतीबिंदूच्या मानाने सगळं लख्ख. मी नंबर तपासला, अधिक दोन. लेन्सचे तीन नंबर म्हणजे चष्म्याचे साधारण दोन, तेव्हा काय झालं ते त्या क्षणी कळलं. त्यांना समोर बसवून सांगितलं. त्या शिवणकाम करायच्या. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'मग उसवा की. आम्ही नाही का उसवत? फक्त शिवणीत कापड उरलंय का तेवढं बघा.' सहाव्या दिवशी लेन्स बदलली, अगदी अलगद निघाली. पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून आमच्या थिएटरात फळ्यावर पूर्ण नाव, डोळा आणि नंबर लिहिल्याशिवाय लेन्सचा डबा उघडत नाही, आणि पेशंट स्वतःच्या तोंडाने नाव सांगतो.

मावशींचं ते कापड उरल्याचं वाक्य मी तुमच्यासाठी उसनं घेतोय. बाबांच्या डोळ्यात ते कापड म्हणजे मागचा पापुद्रा.

नंबराचा दोष छोटा असेल तर लेन्स न काढताही मार्ग असतात: चष्मा, कॉर्नियावर लेझरने नंबर काढणं, किंवा आहे त्या लेन्सपुढे दुसरी पातळ लेन्स घालणं. तिरप्या नंबराची टोरिक लेन्स फिरली असेल तर ती नुसती फिरवून जागेवर आणतात. दर अंशामागे तिचा सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो आणि तीस अंश फिरली की असून नसल्यासारखी. मल्टिफोकलच्या कड्यांना मात्र यातलं काही चालत नाही.

आता डावा डोळा. तुम्हाला कदाचित सांगतील, दुसऱ्यातही तीच मल्टिफोकल घाला, दोन्ही सारखे झाले की मेंदू जुळवून घेतो. यात तथ्य आहे, थोड्या तक्रारीच्या पेशंटला मीही हे सांगतो. पण जो माणूस एका डोळ्याने एवढा हैराण आहे, त्याच्या दुसऱ्या डोळ्यात तीच लेन्स घालायचं धाडस मी करणार नाही. तुमच्या प्रश्नातून जे कळतंय त्यावर मी कुठे झुकलो असतो सांगू? उजव्याला हात लावायच्या आधी डाव्यात लांबच्या नंबराची साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स. रात्री मेंदू आपोआप डाव्याचं स्वच्छ चित्र उचलतो, आणि वाचायला उजवा आहेच. माझ्याकडच्या काही जणांचं एवढ्यावर भागलं, उजव्याची लेन्स काढायची वेळच आली नाही. ज्यांचं नाही भागलं त्यांची नंतर काढली. पण डाव्यात मोतीबिंदू खरोखर किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो अगदीच कोवळा असेल तर केवळ उजव्याचा तोल साधायला डावा उघडणं मला पटणार नाही.

तिसऱ्या डॉक्टरकडे जाणार असाल तर डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर लेन्सच्या डब्यातला स्टिकर चिकटवलेला असतो: कंपनी, मॉडेल, नंबर. बदलायच्या लेन्सचा हिशोब आत असलेल्या लेन्सचा नंबर आणि आजचा चष्म्याचा नंबर या दोन्हींवरून फार पक्का बसतो. स्टिकर नसेल तर पुन्हा अंदाजाचा खेळ. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे मागा, त्यांच्या रजिस्टरला दुसरा स्टिकर असतो. ऑपरेशनआधीची मापंही मागा. नम्रपणे मागा, पण मागा. आणि त्या डॉक्टरांशी संबंध तोडू नका. लेझर सुचवणं ही काही लबाडी नव्हे, पाच महिन्यांच्या पेशंटला जाळी दिसली तर पुष्कळजण तेच सुचवतील. त्यांना फक्त इतकंच विचारा: 'पुढे लेन्स काढायची वेळ आली तर हा लेझर आड येईल का?' तुम्ही हे विचारलंत की चर्चा आपोआप योग्य दिशेला जाते.

लेझरची तारीख ठरली असेल तर पुढे ढकला, डाव्या डोळ्याचीही. दोन्ही थांबल्याने काही बिघडत नाही. तपासणी संध्याकाळची घ्या. आणि तोवर बाबांना तलावपाळीला जायचं असेल तर अंधार पडल्यावर स्कूटरची किल्ली तुमच्याकडे ठेवा, रिक्षाने पाठवा.